मुक्या रत्नाचं बारसं

एका राज्यात खाणीतून नवं रत्न निघालं की त्याचं बारसं होई. रत्नाच्या रूपावरून नाव ठरायचं, त्याला शेवटी 'मणी' लावायचं. रत्न पाळण्यात घालून राजाच्या बहिणीनं ते नाव त्याच्या कानात, म्हणजे जिथं कान असावा तिथं, सांगायचं. मग घुगऱ्या वाटायच्या.

अशाच एका बारशाच्या आदल्या दिवशी थोरली राणी कनकावती सज्जात उभी होती. खाली दासी बोलत होत्या. चोरून ऐकू नये हे खरं, पण आलंच कानावर तर माणसानं करावं काय? एक म्हणाली, "नव्या रत्नाचं नाव म्हणे धाकट्या राणीसाहेबांच्या..." तेवढ्यात नगारा झडला, पुढचं ऐकूच आलं नाही.

पुढचं कनकावतीनं स्वतःच जुळवलं. धाकटी सुकेशा, तिचे ते गुडघ्यापर्यंतचे केस, आणि त्यांवर भाळलेला राजा. आता नाव निघेल तेव्हा हिचंच! तिचा जळफळाट झाला. ती तडक डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली आणि आपली झोप देऊन शाप घेऊन आली. नाव जिभेवर येताच वाचा जाईल, असा.

बारशाला नणंद पाळण्यावर वाकली ती मुकीच उठली. मग राजानं नाव सांगायला तोंड उघडलं, तोही मुका. न्यायनिवाडे थांबले, फिर्यादी दारात ताटकळले. कनकावतीला ना नाव कळलं, ना झोप लागली. ती पुन्हा डोंगर चढली.

मांत्रिक म्हणाला, "अर्थ जाणून नाव तूच उच्चार. शाप उतरेल. चुकलीस तर तूही मुकी. पाळण्याच्या कडीवर साळुंकी होती, तिला सगळं ठाऊक आहे, तिला विचार."

साळुंकीनं तीन कामं सांगितली. कनकावतीनं नागाच्या डोहातून पाणी आणलं. साळुंकी म्हणाली, "नाव एका बाईच्या रूपावरून आहे." राणी आणखीच पेटली. तिनं विझल्या ज्वालामुखीतला निखारा आणला. "त्या रूपावरून बाईला टोमणे बसले आहेत."

सुकेशेच्या केसांना टोमणे? राणी गोंधळली.

"आता सवतीची वेणी घाल."

हे काम डोहापेक्षा खोल होतं. तरी ती गेली, फणी हाती घेतली. सुकेशा हळूच म्हणाली, "ताई, नाव घेता येत नाही. महाराजांना रत्नाचं रूप सांगता येईना. मी एवढंच म्हटलं, थोरल्या ताईंचे डोळे उन्हात असेच दिसतात."

लग्नात याच घाऱ्या डोळ्यांवरून सासरच्या बायका कुजबुजल्या होत्या. कनकावतीचा हात थांबला. वाचा जायची तर जाईल, म्हणून ती बोलली.

"घारमणी."

दरबारातून राजाची हाक आली. नणंदेनं आधी घुगऱ्या मागितल्या. कनकावतीला त्या दुपारी गाढ झोप लागली.

दासींचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. नाव धाकट्या राणीच्याच तोंडून निघालं होतं. तेवढं मात्र कनकावतीला पुढंही खुपत राहिलं. त्या दिवसाची वेणी जरा घट्टच पडली होती, आणि सुकेशेनं ती तशीच राहू दिली.