बेडकाच्या आईचे पान

एका राज्यात मुलांना गोष्ट वाचून दाखवणे हे आईबापांचे काम नव्हते. त्यासाठी पगारी वाचक असे. राणी कनकलेखेने तर त्याहून थोर सोय केली. लेक शाल्मलीसाठी तिने जादूगाराकडून वाचणारी मैना आणली. मैना न थकता वाचे. पोरीने मध्येच काही विचारले, तर ऐकून न ऐकल्यासारखे करी. वर्षभरात शाल्मलीने विचारणे सोडले, मग बोलणेच सोडले. पाच वर्षांची पोर, पण घरात तिचा आवाज म्हणून नाही.

राणी जादूगाराकडे धावली.

"मैना फुकट वाचत नव्हती, राणी. पोरीचा एकेक शब्द ती दाण्यासारखा टिपत होती."

"उतारा सांगा."

"तीन कामे. मैनेला तिच्या रानात सोड. काळ्या डोहातल्या नागाकडून चित्रांची पोथी आण. मग लेकीला मांडीवर घेऊन ती वाच. आपण होऊन एक शब्द बोलली, तर शाप सुटला. शंभर वाचनांत नाही बोलली, तर कधीच बोलणार नाही."

पहिली दोन कामे आठवड्यात झाली. मैना उडाली, नाग वाटीभर दुधावर राजी झाला. भाटांनी यावरच कवने रचली. त्यांना काय जाते? खरे कठीण काम पुढेच होते.

पोथीत एका बेडकाची गोष्ट होती. तो आभाळाला शिडी लावायला निघतो. राणीने ती दहा वेळा वाचली, पन्नास वेळा वाचली. शाल्मली खिडकीबाहेर बघत बसे. राणीचा घसा बसला. आपल्या हाताने आपण लेकीचा गळा दाबला, हे तिला रोज नव्याने कळत होते.

नव्व्याण्णव वाचने झाली. राजा प्रतर्दन दाराशी आला.

"पुरे आता. नशिबात नाही."

"एक उरले आहे, महाराज."

त्या शेवटच्या खेपेला राणीला काडीची आशा नव्हती. कधी एकदा संपते, असे तिला झाले होते. शिडीखाली बेडकाची आई रडते, ते पान तिला आज वाचवेना. तिने दोन पाने एकदम उलटली.

तिच्या मनगटावर एक लहानसा हात आला.

"बेडकाची आई राहिली," शाल्मली म्हणाली.

शाप तिथेच सुटला. राणीने पान मागे घेतले, पण डोळ्यांतल्या पाण्याने तिला अक्षर दिसेना. मग ते पान लेकीनेच म्हणून दाखवले. सगळे तोंडपाठ, कानामात्रेसह. पोर शंभरही वेळा ऐकत होती.

पुढे त्या राज्यातले वाचक दुसऱ्या कामांना लागले. राणीचे कान निवले, तसे ऐकणाऱ्या सगळ्यांचे निवोत.