न झिजलेलं चामडं

धाकटी सून म्हणते, लिहून ठेवा, तुमच्यामागं कोण सांगणार. जिवंत माणसाचं कुणी ऐकून घेत नाही, आणि मेल्यावर वाचणार म्हणे. तिसरीत शाळा सुटलेल्या माणसाच्या हातात पेन दिलंय, तेही गळकं. लिहितो. एकदाच लिहीन.

"बाबा, लावा की हात. एवढं काय बघायचं त्यात?"

विचारत होता पर्शुराम डोर्लेकर, आमचा तांडेल. खाडीतला सगळ्यात तरणा तांडेल. वादळात गलबत सरळ काढायचा, हे खोटं नाही. पण काढून झालं की महिनाभर तेच सांगायचा.

समोर अब्बासबाबा होडेकर. चाळीस वर्षं मलबारची कौलं मुंबईला पोचवलेला म्हातारा. आता दर्ग्याच्या पायरीवर बसून जाळी सांधायचा. बोलणं कमी. विचारलं तर उत्तर द्यायचा, तेही दिलं तर.

आमच्या खाडीची एक रीत होती. पाऊस सरला की गलबत पाण्यात लोटायच्या आधी बाबानं परबाणाला हात लावायचा. परबाण म्हणजे डोलकाठीवर तिरकं चढतं ते लांब लाकूड, ज्याला शीड बांधतात. बाबानं हात लावला की खलाशी चढायचे. नाही लावला तर तांडेलानं एकट्यानं जावं, जायचं तर.

त्या सकाळी आम्ही सात खलाशी होतो. सहा जण उभे. मी बसून फळ्यांना मुशी माशाचं तेल चोळत होतो.

डोलकाठी दोन ओंडक्यांवर आडवी ठेवलेली. शेजारी परबाण. जिथं परबाण काठीला घासतं तिथं परबाणाला चामडं गुंडाळलेलं. पर्शानं स्वतः केलेलं. म्हशीच्या पाठीचं जाड कातडं, चुन्याच्या निवळीत भिजवलेलं, उन्हात वाळवलेलं, वर डांबराचे दोन हात. नखानं वाजवलं तर टक्क आवाज यायचा.

"तीन हंगाम झाले, बाबा. ओरखडा दाखवा. बाकीचे तांडेल हंगामात दोनदा चामडं बदलतात. मला एकदाही लागलं नाही."

बाबानं चामड्यावरून अंगठा फिरवला.

"तुझ्या हातचं?"

"माझ्याच."

"छान शिवलंयस."

पर्शानं आमच्याकडे बघितलं. ऐकलंत ना, असं.

पण बाबानं परबाणाला हात लावला नाही. तो काठीकडे गेला. दोन पावलं चालला, थांबला. मग गुडघे धरून खाली बसला, आणि वाळूत उताणा झोपला.

कुणाला कळेना. आमच्यातला भिक्या म्हणाला, "चक्कर आली काय?" दोघं धावले. बाबानं हातानंच त्यांना मागं सारलं. सरकत सरकत तो काठीखाली गेला. बाहेर नुसते पाय राहिले.

"पर्शा, ये."

"कुठं?"

"इथं. माझ्याशेजारी."

"बाबा, धुतलेला सदरा आहे."



पर्शा झोपला. सगळ्या गावासमोर तांडेल वाळूत. हसावंसं वाटत होतं, पण कुणी हसलं नाही. काठी कोणत्या अंगावर ठेवायची ते पर्शानंच सांगितलं होतं. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं.

"काय दिसतं?"

"काठी."

"आणखी?"



"खाच आहे."

"बोट घाल."



"किती गेलं?"

"अर्धं पेर."

"चामडं झिजलं नाही तुझं. परबाणही नाही झिजलं." बाबाचा आवाज अगदी सपाट, बाजारभाव सांगावा तसा. "दहा-बारा फेऱ्या आणखी. मग वारा बघून घेईल. तेव्हा काठीखाली कोण उभं असेल रे?"

आम्ही सात जण एकमेकांकडे बघायला लागलो. काठीखाली आम्हीच उभे असतो.

"तीन हंगाम." बाबा म्हणाला. "कुणी सांगितलं नाही तुला?"

आता ऐका. मी सांगितलं होतं. पौषात, देवगडच्या पुढं, भर दुपारी. शीड उतरवताना काठीवर हात गेला तर लागला खळगा. मी म्हणालो, तांडेला, चामडं काठी खातंय. चौघांनी ऐकलं. पर्शा सगळ्यांदेखत म्हणाला, "रावजी, दोर धरायला ठेवलाय तुला. तोंड धरायला आणखी एक ठेवू काय?" सगळे हसले. मुंबईला पोचेपर्यंत हसत होते.

"नाही, बाबा," पर्शा काठीखालून म्हणाला. "कुणी नाही सांगितलं."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"रावजी." बाबानं मला हाक मारली. त्याला तर मी दिसतही नव्हतो. "दोरावर तू होतास ना? तूपण नाही सांगितलंस?"

सहा जणांनी माझ्याकडे बघितलं. त्यातल्या चौघांना ठाऊक होतं. मी हो म्हटलं असतं तर बाबा उठून दर्ग्यात गेला असता. खोटं बोलणाऱ्या तांडेलाच्या परबाणाला त्यानं कधी हात लावला नाही. मग गलबत वाळूत, आणि आमच्या सात घरांचा हंगाम वाळूत. भिक्याची बायको पोटुशी होती. आणि पर्शाला परत कुणी तांडेल म्हणून नेला नसता, सदरा कितीही धुतला तरी.

मला काही त्याचा पुळका नव्हता. आजही नाही.

"नाही, बाबा," मी म्हणालो. "माझ्या ध्यानात आलं नाही."

भिक्यानं मान खाली घातली.

ओहोटी लागली होती. खेकडे बाहेर येऊन पळत होते.

मग बाबा बाहेर सरकला. पाठीला वाळू, केसांत वाळू. पर्शाही उठला. त्याचं तोंड डांबरासारखं झालं होतं.

"काढ ते चामडं."

पर्शानं कोयता घेतला. टाके तुटेनात. एवढे घट्ट की घाम आला त्याला. शेवटी निघालं. खाली परबाणाचं लाकूड कालच तासल्यासारखं.

"मऊ कातडं आण. पोटाकडचं. तेल पाजून लाव. काठीला सुताराकडून पट्टी बसवून घे."

"मऊ कातडं किती टिकणार, बाबा?"

"टिकायला लावतोस होय?"

पर्शा हळूच म्हणाला, "दर फेरीला झिजेल ते."

"मग दर फेरीला बघशील."

आम्ही वाट बघत होतो. बाबानं हात पुसले. परबाणाच्या उघड्या लाकडावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. भिक्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्यानं बिडी पेटवली. गलबत जाणार होतं.

बाबा जायला वळला. माझ्याजवळ येऊन थांबला.

"दोरावरचा माणूस तू. हात बघू."

मी दाखवले. त्यानं तळवा उलटा केला, सुलटा केला. दोराचे घट्टे मऊ पडले होते. मनगटापर्यंत चटके होते, जुने, काळे.

"हे कशाचे?"

"चुलीचे. जेवण करतो मी गलबतावर."

"कधीपासून?"

खोटं बोलायचं सुचलं नाही. एका सकाळी किती बोलणार.

"पौषापासून."

बाबानं माझा हात सोडला नाही. तसाच धरून पर्शाकडे बघत राहिला. पर्शा वाळूकडे बघत होता. तेवढ्या वेळात भिक्याची बिडी संपली.

"पर्शा."

"जी, बाबा."

"चामडं चुलीजवळ ठेवू नये. कडक होतं."

आणि गेला दर्ग्याकडे, पाठीची वाळू न झटकता.

पुढच्या फेरीला मी परत दोरावर होतो. बाबा त्याच वर्षी गेला. गलबतं गेली, शिडं गेली. पर्शा मात्र आहे, खालच्या आळीत, माडाखाली खुर्ची टाकून बसतो, रोज मला हात वर करतो. हात नकोय मला. त्यानं माझी माफी मागायची राहिलीय. पर्शुराम डोर्लेकरानं.