बाहेर राहिलेली डुकरीण

डोंगराच्या कुशीतल्या गावी एकदा एक वृद्ध राहत असे. रानडुकरांना इजा न करता जिवंत धरावे आणि दूरच्या रानात नेऊन सोडावे, ही विद्या त्याला अवगत होती. त्याच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. शिष्याची विधवा बहीण गोजरा हिचा रताळ्यांचा मळा डुकरांनी उकरायला घेतला होता. ती आणि तिची दोन लेकरे वर्षभर त्या मळ्यावरच जगायची, म्हणून शिष्याच्या जिवाला घोर लागला होता.

वृद्धाने ओढ्याकाठी आंबवलेला मका पसरला आणि भोवती रोज दोन-दोनच खांब रोवीत कोंडवाडा उभा केला. पहाटे शिष्य कोंडवाड्याच्या तोंडावर टांगलेल्या झडपेचा दोर धरून शेजारी बांधलेल्या मचाणावर बसे. महिन्याभरात अकरा डुकरे निर्धास्तपणे आत येऊन खाऊ लागली. बारावी, फाटक्या कानाची म्हातारी डुकरीण, मात्र बाहेरच थांबे. ती आत आल्याखेरीज दोर सोडायचा नाही, अशी वृद्धाची सक्त ताकीद होती.

शिष्याला हे काही पटेना. हातातोंडाशी आलेला घास सोडायचा कशाला? एके पहाटे वृद्ध सोबत नव्हता, तेव्हा त्याने दोर सोडला. झडप कोसळली. अकरा डुकरे किंचाळली आणि मग एकाएकी सगळीच गप्प झाली. डुकरीण त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती मचाणाकडे पाहत होती. मग ती सावकाश चालत झाडीत गेली. शिष्याच्या अंगावर काटा आला, पण ती अकरा डुकरे दूरच्या रानात सोडल्यावर गावाने पाठ थोपटली, तेव्हा तो ते विसरला.

आठ दिवसांनी मळा पुन्हा उकरला जाऊ लागला. शिष्य मळ्यात बसला की तिकडे पान हलत नसे. मचाणावर गेला की दोन वाफे साफ. खुणा मात्र अनेक खुरांच्या असत. गोजरा उकरलेल्या मातीतून उरलीसुरली रताळी वेची, ते त्याला अधिक लागे.

वृद्धाने मग एक विचित्र गोष्ट केली. शिष्याची घोंगडी मागून घेतली, तिच्यात गवत भरले आणि ती मचाणावर बसवली. पहाटे आडवाटेने दोघे मळ्यात येऊन दडले.

डुकरीण आली. मागे नवा कळप होता. बांधावर थांबून तिने ओढ्याकडून येणारा वारा हुंगला. त्यात शिष्याचा वास होता. तिची खात्री पटली आणि ती मळ्यात उतरली.

वृद्ध हलकेच म्हणाला, "महिनाभर तू त्यांना पाहत होतास, आणि ती तुला. धरलेल्या अकरांना झडप कळली, पण ती कळून त्यांना उपयोग नाही. बाहेर राहिली तिला मात्र तू कळलास. आता ती इतरांना शिकवतेय. तुझी घाई तिची विद्या झाली, बाळा."

"मग ताईचा मळा, बाबा?"

"निम्मा गेला. उरलेला राखू. पण आता रोज ठरल्या वेळी यायचं नाही."

दोघांनी डबे वाजवून कळप हाकलला. उजाडल्यावर शिष्य घोंगडी आणायला गेला. मचाणाखाली, तो बसे त्या जागेच्या बरोबर खाली, जमिनीत एक खळगा होता. कोणीतरी अनेक दिवस निजून निजून तिथली माती गुळगुळीत केली होती. मचाणाच्या खांबाला डुकराचे राठ, करडे केस चिकटले होते.

तो तसाच गोजराकडे गेला आणि वृद्धाची ताकीद मोडून आपण घाईने दोर सोडला, हे तिला सांगितले. पुढे आयुष्यात कधी काही साधले, की आनंद मानण्याआधी तो एकदा मागे वळून पाही.