विस्तव मागायला येणारी धुरपदाक्का

फार वर्षांपूर्वी, बोरखळीत काडेपेटी पोचायच्याही आधी, गावात धुरपदाक्का नावाची एक बाई होऊन गेली. माळवदं घालणं हा तिचा धंदा. तेव्हा आमच्याकडची घरं धाब्याची असत, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरून तुडवावी लागे, नाहीतर घर आधी गळायचं आणि मग बसायचं. धुरपदाक्कानं तुडवलेलं छप्पर कधी गळलं नाही, असं म्हणतात. तिचे पायही तसेच दणकट होते. ती गल्लीतून चालली की उतरंडीवरची मडकी हलत, आणि ती बोलायला लागली की माणसं हलत. तिला न भिणारं गावात एकच होतं, ते म्हणजे तिच्या शेळीचं करडू.

गावाच्या कडेला काही घरं ओस पडलेली होती. मागच्या कुठल्याशा दुष्काळात त्यांचे धनी निघून गेले ते परतलेच नाहीत. अशा घरांबद्दल बोरखळीचा एक रिवाज होता. ओस घरात कुणी चूल पेटवली आणि या शिमग्यापासून पुढच्या शिमग्यापर्यंत ती थंड होऊ दिली नाही, तर घर त्याचं. मग त्याला कुणी उठवायचं नाही. पण मध्ये एक दिवस जरी धुराड्यातून धूर निघाला नाही, तरी घर पुन्हा गावाचं आणि माणूस पुन्हा रस्त्यावर.

एका शिमग्याला सटवाजी नावाचा एक बुरूड बायकोपोरांसह गावात आला. नदीनं त्याचं घर नेलं होतं. धुरपदाक्कानं त्याला एक ओस घर दाखवलं, त्याचं छप्पर नीट करून दिलं आणि ती आसपासच्या गावांत कामाला निघून गेली. घर मिळालं, आता काय राहिलं, असं तिला वाटलं.

बोरखळीची माणसं मनानं चांगली होती, आणि तिथंच घोटाळा झाला. बिचारी गरिबाची लेकरं म्हणून आज या घरून भाकरी जाई, उद्या त्या घरून कालवण जाई. देणाऱ्यांची चढाओढच लागली. हातात आलेली भाकरी नको कशी म्हणायची, म्हणून सटवाजीची बायको ती घेई आणि चूल न पेटताच राही. ऐन श्रावणात नागोराव पाटलाला त्या घराचं धुराडं धुराविना दिसलं. पाटील काही दुष्ट नव्हता, पण रिवाज म्हणजे रिवाज, आणि त्याला कडबा ठेवायला जागाही हवी होती. सटवाजी पोरं खांद्यावर घेऊन भर पावसात चालता झाला.

धुरपदाक्का परतली तेव्हा त्या घरात कडबा होता. ती सटवाजीला शोधत नदीच्या उतारापर्यंत गेली, पलीकडच्या गावांतही विचारून आली, पण ते कुटुंब कुणाला दिसलं नव्हतं. ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली. ती पारावर उभी राहिली आणि तिनं सगळ्या गावाला फैलावर घेतलं. लोक म्हणाले, अगं, आम्ही तर त्यांना उपाशी झोपू दिलं नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही त्यांला पाव्हनं केलं. पाव्हना आज ना उद्या जातोच."

पुढच्या शिमग्याला लिंबाजी आणि गोजरा हे नवराबायको दोन लेकरं घेऊन आले. दोर वळून पोट भरणारी माणसं. त्यांना प्रत्येक गावानं चार दिवस ठेवून पुढं घालवलं होतं. धुरपदाक्कानं पाटलाकडून एक घर मोकळं करून घेतलं, छप्पर तुडवलं, आणि गावाला ताकीद दिली की या दारात भरलेलं ताट घेऊन जो जाईल त्याच्या माळवदावर मी पाय ठेवणार नाही. ताटं लगेच थांबली. गळकं घर कुणाला हवं होतं?

मग तिनं एक गोष्ट सुरू केली, आणि गाव तिला वेडी म्हणायला लागलं. रोज दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकून ती स्वतःच्या चुलीत पाणी ओतायची. भरल्या घरात चूल विझवणं म्हणजे अपशकुन, सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि सकाळी उजाडलं की हातात गोवरी घेऊन ती गोजराच्या दारात उभी.

"विस्तव दे गं माय."

गोजरा आतून निखारा आणून तिच्या गोवरीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पावसाळ्यात ती डोक्यावर पोतं घेऊन यायची, थंडीत नाक ओढत यायची. कधी म्हणायची नाही की चूल पेटव, कधी विचारायची नाही की जेवलीस का. लिंबाजीचे दोर मात्र ती ज्याच्या त्याच्या गळ्यात मारायची. शेळी नसलेल्या माणसालाही तिनं शेळी बांधायचा दोर घ्यायला लावला, असं म्हणतात.

गोजरानं आपलं गाठोडं अजून सोडलं नव्हतं. पुन्हा बांधायला लागणारच, तर सोडायचं कशाला, असा तिचा हिशेब. एका सकाळी विस्तव देताना तिनं विचारलं, "आक्का, उद्या आमी इथं नसलो तर?"

धुरपदाक्कानं तिच्याकडं पाहिलं. "तर मी काय खाऊ? माझी चूल तुझ्या जिवावर हाय."

ही बाई गंमत करत नाही हे गोजराला कळलं. आजवर तिनं सगळ्यांकडून घेतलं होतं, तिच्यावाचून कुणाचं अडलं मात्र नव्हतं. त्या दिवशी तिनं गाठोडं सोडलं आणि लुगडी वलणीच्या दोरीवर टाकली.

वर्ष सरत आलं आणि होळीचा दिवस उजाडला. संध्याकाळी होळी पेटली की घर त्यांचं होणार होतं. पण दुपारीच आभाळ काळं झालं आणि गारा कोसळल्या. माझ्या आजाच्या तोंडी त्या गारा लिंबाएवढ्या होत्या, वडिलांच्या तोंडी कवठाएवढ्या झाल्या, आणि मी त्या नारळाएवढ्या सांगतो. एवढ्या पिढ्यांत थोडी वाढ होणारच. गारा धुराड्यांतून थेट चुलींत पडल्या आणि गावातला एकेक विस्तव विझला. चकमकी होत्या, पण कापूस ओला, गोवऱ्या ओल्या.

धुरपदाक्का मात्र पहिली गार पडताच गोजराच्या माळवदावर चढली होती. तिनं धुराड्यावर पीठ मळायची लाकडी काथवट आडवी धरली, धूर निघायला एका कडेनं फट ठेवली आणि वर स्वतः ओणवी झाली. गारा तिच्या पाठीवर पडत होत्या आणि ती आभाळाला शिव्या देत होती. त्या शिव्या अशा होत्या की ढगालाच लाज वाटली आणि तो शेजारच्या गावावर सरकला, असं म्हणतात. शेजारच्या गावाला हे अजून मान्य नाही. खाली गोजरा चुलीवर ओणवी, आणि लिंबाजी वळून ठेवलेले कोरडे दोर एकेक करून आत सारत होता. वर्षाची मेहनत जळत होती, पण धूर तुटला नाही.

आभाळ निवळलं तेव्हा ओल्या गावावर धुराची एकच रेघ उभी होती. ती सगळ्यांना दिसली, पाटलालाही. होळीचा विस्तव आजवर पाटलाच्या चुलीतून निघायचा. नागोराव चिखल तुडवत कडेच्या घराशी आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"गोजराबाई," तो म्हणाला, "घरात विस्तव हाय का? गावाला पायजे."

त्यानं 'घरात' म्हटलं आणि लिंबाजीला रडू आलं. गोजरानं खापरात निखारे भरून दिले. त्या रात्री बोरखळीची होळी आणि नंतर प्रत्येक घराची चूल त्याच विस्तवावर पेटली.

धुरपदाक्का पुढे पुष्कळ जगली. कुणी बेघर आलं की तिची चूल विझायची आणि ती गोवरी घेऊन निघायची. कडेची सगळी घरं भरली, एकही कुटुंब पुन्हा रस्त्याला लागलं नाही. ती गेली त्या सकाळी गावातल्या सगळ्या चुलींचा धूर वर न जाता तिच्या दाराकडे वळला, असं म्हणतात.

आता बोरखळीत घरोघरी गॅस आहे आणि माळवदांच्या जागी पत्रे आणि स्लॅब आलेत. पण गावात कुणी नवं राहायला आलं तर आम्ही ताट नेत नाही, आधी काहीतरी मागायला जातो. विरजण, काडेपेटी, काहीही. पावसाळ्याआधी पहिल्यांदा त्यांचं छप्पर बघतो. आणि होळीचा विस्तव गावातल्या सगळ्यात नव्या घरातून आणतो. गेल्या शिमग्याला तो मान वीटभट्टीवरून आलेल्या चंपाबाईच्या पत्र्याच्या खोलीला मिळाला. सगळं गाव दारात पाहून ती घाबरली आणि घाईघाईनं भांडी आवरायला लागली. तिला वाटलं, उठवायला आले.

सरपंचबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि त्यांनी हातातली गोवरी पुढं केली.