आधी लाव, मग काढ

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आज त्याच्या वंशजांनाही सांगता येणार नाही. मग मी तरी कुठून सांगू? आपण त्याला नुसतं राजा म्हणू.

या राजाने नवा दरबार बांधला. त्याची एक भिंत लांबलचक होती आणि अगदी कोरी. राजाने आपल्या चिताऱ्याला बोलावून सांगितलं, "या भिंतीवर रान काढा. बसल्या जागी रानात गेल्यासारखं वाटलं पाहिजे."

चितारी खूश झाला. त्याच्याकडे आजोबांपासून चालत आलेले खाके होते. खाका म्हणजे टोचे मारलेला कागद. तो भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची, की झाड तयार! एक खाका आंब्याचा, एक वडाचा, एक ताडाचा. आठ दिवसांत त्याने शंभर झाडं उभी केली आणि मिशांना पीळ देत बाजूला उभा राहिला.

दरबारी "वाहवा!" म्हणाले. त्यांचं कामच ते. राजा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"झाडं सुबक आहेत," तो म्हणाला. "पण सगळी मुजऱ्याला उभी राहिल्यासारखी दिसतात. यातलं एकही कधी वाऱ्याने वाकलेलं नाही, एकालाही कधी तहान लागलेली नाही. पुढच्या पाडव्यापर्यंत मुदत देतो. तोवर इथे रान दिसलं नाही, तर भिंतीला चुना फासू आणि तुमची जागा दुसऱ्याला देऊ."

चिताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. कुंचल्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता तेही येत नाही असं राजा म्हणत होता. नाही म्हटलं तरी ते त्याच्या जिव्हारी लागलं.

कुणीतरी सांगितलं, की डोंगरापलीकडच्या माळावर एक मेंढपाळ बाई झाडं वाढवते. चिताऱ्याने कागद घेतले, कोळसा घेतला आणि सावलीत बसून चित्र काढायला एक मऊ आसनही घेतलं. दोन दिवस चालून तो माळावर पोचला. पाहतो तर सावली कसली नि काय! नजर जाईल तिथवर दगड, कुसळं आणि वारा. अधूनमधून काट्यांची लहान लहान कुंपणं आणि त्यांत गुडघ्याएवढी रोपं.

बाई एका रोपाला माती लावत होती. चिताऱ्याने छाती पुढे काढून सांगितलं, "बाई, राजाच्या हुकमावरून आलोय. तुमची झाडं काढायचीत."

झालं! बाईने खुरपं टाकलं आणि काठी उचलली.

"काढायचीत? आरं, तीन वरसं डोईवर पाणी वाहिलंय म्या! हात तर लावून बघ, तुजं तंगडंच काढते!"

चितारी जीव घेऊन पळाला. आसन पडलं, कागद उडाले, मेंढ्या पांगल्या. "तसं नव्हे बाई! कागदावर काढायचीत, कागदावर!" असं तो पळता पळता ओरडत होता. हे बाईच्या कानात शिरेपर्यंत त्याच्या माळाला दोन फेऱ्या झाल्या होत्या.

मग बाई जी हसायला लागली, ती हसत हसत खालीच बसली. चिताऱ्यालाही हसू आवरेना. आपली भाषाच अशी मिश्कील, की चित्र काढायचं आणि तण काढायचं, दोन्हींना तिने एकच शब्द देऊन ठेवलाय.

"काढ की बाबा," बाई डोळे पुसत म्हणाली. "पर या माळाची एक रीत हाय. आधी लावायचं, मंग काढायचं." आणि तिने त्याच्या हातात कुदळ दिली.

चिताऱ्याला वाटलं, एक खड्डा म्हणजे तो कितीसा! पण चार बोटं मातीखाली सगळा खडक. एका खड्ड्याला दोन दिवस लागले आणि हाताला फोड आले. त्यात त्याने कडुनिंबाचं रोप लावलं, खालच्या ओढ्यातून पाणी आणून घातलं. चौथ्या दिवशी बोकडाने ते बुडख्यापर्यंत खाल्लं. चितारी मटकन खाली बसला आणि खरोखर रडला.

"रडून काय हुतंय?" बाई म्हणाली. "दुसरं लाव. आन या बारीला कुंपनाच्या बुडाशी दगूड ठिव."

दुसरं लावलं, ते वाळलं. तिसरं लावलं आणि चितारी तिथेच राहिला. पावसाळा गेला, थंडी आली, तो पाणी वाहत राहिला. रोप वाऱ्याला पाठ देऊन कसं कलतं ते त्याने पाहिलं. रोज घागर रिती करायला जात होता, म्हणूनच ते दिसलं. आणि थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी त्याच्या रोपाला दोन पानं फुटली, चक्क तांबूस! आजोबांच्या खाक्यात पान म्हणजे हिरवंच असायचं. चितारी माळावर एकटाच नाचला. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

पाडव्याला महिना उरला तेव्हा तो परतला. जुनी झाडं त्याने स्वतःच पुसून टाकली आणि भिंतीवर पडदा सोडून काम सुरू केलं.

पाडव्याच्या दिवशी पडदा सरला आणि दरबारी एकमेकांकडे बघू लागले. रान कुठे होतं? भिंतभर उघडा माळ, दगड, वाकलेलं गवत. एका कोपऱ्यात काट्यांची तीन कुंपणं. एकात खाल्लेला बुडखा, एकात वाळलेली काडी, एकात दोन तांबूस पानांचं कललेलं रोप.

प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, चुना कालवायला सांगू?"

 राजा रोपासमोर उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने घाबरत घाबरत विचारलं, "आणि हे... हे जगलं का?"

"जगलं, महाराज!" चितारी म्हणाला. "मी निघालो तेव्हा पाचवं पान येत होतं."

राजाने सुटकेचा श्वास सोडला आणि मोठ्याने हसला. "मग उरलेली भिंत रिकामी का?"

"तिथली झाडं अजून लावायची आहेत. लावल्याशिवाय मला ती काढता येत नाहीत."

"प्रधानजी," राजा उठत म्हणाला, "चुना राहू द्या. कुदळी मागवा."

त्या पावसाळ्यात सगळा दरबार माळावर गेला. बाईने कुणाचा मुकुट पाहिला नाही की कुणाची पगडी. "आरं ए मुकुटवाल्या, खड्डा उथळ झालाय!" म्हणून तिने राजालाही झापलं. राजाने निमूटपणे पुन्हा खणलं.

मग दरवर्षी लोक झाडं लावू लागले, आणि जी जगत ती चितारी भिंतीवर काढू लागला. भिंत भरायला पस्तीस वर्षं लागली, कारण माळ भरायलाही तेवढीच लागली. दरबारात येणारा जो तो आधी भिंतीवर आपलं झाड शोधायचा आणि सापडलं की ओरडून सांगायचा. त्या गोंगाटात कामकाज कितीदा तरी थांबे. राजा रागावणार तरी कसा? आपलं झाड दाखवायला तोच सगळ्यांत आधी सिंहासनावरून उठायचा.

तात्पर्य: ज्या हिरवाईसाठी आपण पाणी वाहिलं नाही, ती आपल्या रंगांत उतरत नाही.