दिंडोरीची द्राक्षं

निफाडच्या हर्षाली मोगलने वाइनची पारख करायचं काम शिकायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांना ते नीटसं कळलं नाही. अभ्यास सुरू झाल्यावर तिलाही कळेना. पुस्तकं म्हणत, या वाइनला ब्लॅककरंटचा वास येतो, त्या वाइनला गूजबेरीचा. हर्षालीने ही परदेशी फळं कधी पाहिलीही नव्हती. प्याला हुंगला की तिच्या नाकाला भलतंच काही जाणवायचं आणि ती मुकाट्याने पुस्तकातलं नाव सांगून मोकळी व्हायची. आपलं नाकच बिघडलंय की काय, अशी तिला शंका येऊ लागली.

अशाच गोंधळलेल्या मनाने ती नाशिकच्या एका बड्या हॉटेलात मुलाखतीला गेली. मुलाखत घेणारे गुप्तेसाहेब फ्रान्सला राहून आलेले. त्यांनी दिंडोरीच्या लाल वाइनचा प्याला पुढे केला.

“कसला वास येतोय?”

हर्षालीला पुस्तकातलं नाव ऐन वेळी आठवेना. तिच्या तोंडून खरं तेच निघून गेलं, “करवंदाचा.”

साहेब मोठ्याने हसले. “करवंद? अहो, वाइनच्या कुठल्याही पुस्तकात करवंद नाही. हा ब्लॅककरंटचा वास!”

नोकरी हातची गेल्यात जमा होती. हर्षाली चाचरत म्हणाली, “सर, ही द्राक्षं दिंडोरीत वाढली. त्यांना ब्लॅककरंट कुठे भेटणार?”

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी प्याला पुन्हा हुंगला, मग आणखी एकदा. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“मोठा घोटाळा केलात तुम्ही,” ते म्हणाले. “आता मलाही करवंदाचाच वास येतोय. सोमवारपासून कामावर या.”