डेल्टात कोण असतं?

“म्हणजे आत कुणी आहे की नाही, ते तुमच्या या रेघांवरून कळतं?” वाल सोलता सोलता गहिनीबाबांनी विचारलं.

“कळतं म्हणजे? लख्ख कळतं!” डॉ. उन्मेष टिळेकर म्हणाले. मेंदूच्या लहरी मोजण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि ध्यान लावणाऱ्यांची फजिती करण्यात अलीकडची चार. त्यासाठीच तर ते यंत्र घेऊन महाडजवळचा हा डोंगर चढून मठात आले होते.

“आता तुम्ही बोलताय, हात चालताहेत... या घाईच्या लहरी, बीटा. डोळे मिटून शांत बसलात की अल्फा. पेंग आली की थीटा. आणि गाढ झोपेत डेल्टा. संथ, उंच. तिथे मग कुणी नसतं.”

“कुणीच?”

“कुणीच नाही.” डॉक्टर यंत्राच्या वायरी सोडवू लागले.

बाबांनी वालांची परात स्वयंपाक सांभाळणाऱ्या सगुणाबाईंकडे सरकवली. डोक्याला वायरी लावून घेतल्या. डोळे मिटले.

अल्फा... थीटा... आणि पाचच मिनिटांत डेल्टा.

डॉक्टर हसले. “झोपले! ध्यानाच्या नावाखाली झोपणारे हे बारावे. आता कानाशी ढोल बडवा, पत्ता लागायचा नाही.”

सगुणाबाई सोलतच राहिल्या.

“माझे वडील, नाना, तीन आठवडे दवाखान्यात असेच बेशुद्ध पडलेत, बाई,” डॉक्टर म्हणाले. “याच लहरी. मी तर बोलायचंही सोडलं. कुणाशी बोलायचं?”

तोच बाबांचा हात उठला, आणि अलगद डॉक्टरांच्या गुडघ्यावर येऊन टेकला.

“तीन आठवडे?” मिटल्या डोळ्यांनी बाबा म्हणाले. “एक शब्दही नाही?”

डॉक्टरांनी झटकन पडद्याकडे पाहिलं. ओठ हलले तेवढ्यापुरत्या रेघा थरथरल्या होत्या. मग पुन्हा त्याच डेल्टा लहरी, संथ, उंच, एकामागून एक. त्यांनी वायरी चाचपल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

वीस वर्षांत असं त्यांनी पाहिलं नव्हतं. आपले हात कधी जोडले गेले, हेही त्यांना कळलं नाही.

“बाबा...”

बाबांनी डोळे उघडले.

“बाबा, नानांना... ऐकू येत असेल?”

बाबांनी परात पुन्हा जवळ ओढली. एक वाल उचलला, सोलला.

“मला काय विचारतोस? त्यांना विचार.”